दाराबाहेर ठेवलेला जोड

कपाटात चार कोट, सात हातमोजे, एक फावडं आणि मी. हातमोज्यांच्या जुळणाऱ्या जोड्या तीनच. मित्रांनो, मी बुटांचा एक जुना जोड आहे; बाहेरून रबर, आतून जाड लोकरीचं अस्तर. अलास्कातल्या फेअरबँक्सच्या एका वसतिगृहात, अमेरिकेच्याच उबदार राज्यांतून कॉलेजांच्या अदलाबदल योजनेत वर्षभर शिकायला येणाऱ्या मुलांना मला उसनं देतात. एरवी मी अंधारात पडून असतो.

कडाक्याची थंडी सुरू झाली तेव्हा हवाईच्या केआलानं मला नेलं. देश तोच, फीसुद्धा तिच्या घरच्या कॉलेजचीच. पण जेवतानाही ती कोपऱ्यातलं टेबल धरून एकटी बसायची. "नाताळला घरी आले की परत जाणार नाही," असं तिनं आईला फोनवर सांगितलं, तेव्हा मी तिच्या पायातच होतो.

त्या संध्याकाळी तिनं मला बाहेरच्या पायरीवर काढून ठेवलं आणि ती आत गेली. तिच्या घामानं ओलसर झालेलं माझं अस्तर सकाळपर्यंत गोठून दगड झालं. पाय आत जाईना. तिला रडू फुटलं.

शेजारच्या खोलीतली ट्रूडी इथलीच, अलास्कातल्या युकॉन नदीकाठची. ती हसतच सुटली.

"अगं, बुटांना घराबाहेर काढलंस? काय गुन्हा केला त्यांनी?"

"आमच्याकडे सगळेच बाहेर ठेवतात. आत आणले तर आजी ओरडते."

"आणि सकाळी मऊ असतात?"

"मऊ असतात. कधीकधी आत बेडूकही असतो!"

ट्रूडी खाली बसली आणि तिनं माझं अस्तर ओढून काढलं. "हे रोज वाळवायचं. हीटरपासून हातभर लांब, नाहीतर करपेल. आणि बूट आतल्या बोळात, खोलीच्या दाराबाहेर ठेव. आजीही खूश, बूटही."

दुसऱ्या दिवशी ट्रूडीनं आपलेही बूट दाराबाहेर काढले. मग समोरच्या खोलीतल्या मुलींनी. आठवड्याभरात खोल्यांत बर्फाचा चिखल उरला नाही, आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी खुर्च्या कमी पडू लागल्या.

नाताळनंतर केआला परत आली.

मे महिन्यात वर्ष संपलं आणि ती हवाईला परतली. मी पुन्हा कपाटात आहे. इथे कुणी कुणाशी बोलत नाही. मित्रांनो, उसनी वस्तू वाळवून परत करा. आणि नवं कुणी आलं, तर हसा हवं तर, पण त्याच्या घरची रीतही विचारा.

फेब्रुवारीत त्या दोघींनी वर्गासाठी एक प्रयोग केला होता. एक तापमापक बर्फात खोचला, दुसरा माझ्या आत, केआलाच्या बोटांपाशी. तासभर चालून आल्यावर ट्रूडीनं आकडे वाचले. बाहेर उणे एकतीस. आत सत्तावीस.