कोंबडा तुम्ही खाल्ला, बोल मला!

मित्रांनो, मी पाटोद्याच्या चाँदबीची काबरी कोंबडी. वय झालंय, पण तोंड शाबूत आहे. तेव्हा मधे बोलू नका.

माझा जन्म याच घरातला, पलंगाखालच्या टोपल्यातला. पुढं त्याच टोपल्यात बसून मी पन्नासावर पिल्लं काढली. मांजर, घार, मुंगूस, सगळ्यांशी भांडले. चाँदबी गल्लीभर सांगायची, "माझ्या काबरीवानी कोंबडी तालुक्यात न्हाई." कौतुकापेक्षा मला ज्वारीच्या जादा मुठीचं अप्रूप, हे खरं.

यंदा थंडीत मी खुडूक झाले, म्हणजे अंडी उबवायच्या हट्टाला पेटले. चाँदबीनं भुसा पसरला. नंतर दुसऱ्या एखाद्या कोंबडीनं ताजं अंडं घातलं तर ओळखू यावं म्हणून अकरा अंड्यांवर कोळशाची रेघ ओढली आणि मला बसवलं. एकवीस दिवस मी दाण्यापाण्यापुरती उठले. बाविसावा उजाडला, चोविसावा मावळला, एकाही अंड्याचा टवका उडाला नाही. अंडी फोडली तर आत नुसतं पाणी.

"म्हातारीत ऊबच उरली न्हाई," चाँदबीचा मुलगा अशफाक म्हणाला. "शुक्रवारी पाहुणे येनार हायत. हिलाच कापू."

चाँदबी गप्प बसली! मित्रांनो, ते गप्प बसणं मला लई लागलं.

मग मीही ठरवलं, उठायचं नाही. अशफाकनं खुडूक मोडायला मला बादलीत बुचकळलं. मी ओलीचिंब परत टोपल्यात. डालग्याखाली कोंडलं, सुटले की परत टोपल्यात. रिकाम्या भुशावर बसून राहिले. म्हटलं, कापायचं तर इथंच काप.

गुरुवारी शेजारची छबुबाई आली. "अगं चाँदबी, तुमचा कोंबडा कुठं दिसंना?"

"त्यो व्हय? दोन म्हैने झाले की. अशफाकचे सासरे आलते, दावतीला कापला."

"आन् हिच्याखाली ठिवलेली आंडी?"

"त्याच्यानंतरची."

छबुबाईनं कपाळावर हात मारला. "अगं बया! कोंबड्याबिगर आंड्यात जीव कुठून यील?"

घरात रोज पहाटे आरवणं ऐकू यायचं ते छबुबाईच्या जाळीत कोंडलेल्या कोंबड्याचं. त्या आवाजावर सगळं घर निर्धास्त! कोंबडा झाकला म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. पण कोंबडा खाल्ल्यावर पिल्लं निघायची मात्र राहतात, शहाण्यांनो!

चाँदबीनं मला उराशी धरलं. "चुकलं गं माय माजं," म्हणाली आणि रडली. पाहुण्यांना वांग्याची भाजी मिळाली. छबुबाईनं आपली नऊ अंडी दिली. मी आणखी एकवीस दिवस बसले. हाडं कुरकुरली, पण हलले नाही. आठ पिल्लं निघाली.

तर मित्रांनो, मुक्या जिवाला नावं ठेवण्याआधी तुमच्या ताटात काय येऊन गेलं ते आठवा. राबणाऱ्याला म्हातारपणी दोन दाणे द्या, सुरी दाखवू नका.

पिल्लांतल्या एकाला आता लाल तुरा फुटतोय. अशफाक त्याच्याकडं बघतोय. आणि मी अशफाककडं बघतेय.