दीडशे वॅट

नवऱ्याच्या हृदयात दोन स्टेंट बसल्यावर डॉक्टरांनी सायकलीला परवानगी दिली, पण सोबत एक आकडाही बांधून दिला. दीडशे वॅट. चढ असो की सपाटी, पायांचा जोर त्याच्या वर न्यायचा नाही. आता जोर मोजायचा तर पॉवर मीटर हवा, आणि नवा घ्यायचा म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. तेव्हा जुना बघायचा ठरलं, आणि बघायचं काम आपसूक तिच्याकडे आलं. मोजमापाचं घरात दुसऱ्या कुणाला काय कळत होतं?

बाजारातले वजनकाटे तपासून त्यांना सील लावणं ही तिची नोकरी. वीस वर्षं. ती गल्लीत शिरली की दुकानदारांची बोटं तराजूवरून आपोआप उचलली जात.

मीटर म्हणजे पायडलचा डावा दांडा. त्याच्या आतल्या बाजूला काडेपेटीहून लहान डबी चिकटवलेली. पाय दाबला की दांडा केसभर वाकतो, आणि डबी ते वाकणं मोजते. हे समजल्यावर तिला बरं वाटलं. तिच्या काट्यांच्या पोटातही तेच असायचं. पहिला मीटर एका व्यायामशाळेवाल्याचा होता. तिने पिशवीतून दहा किलोचं शिक्क्याचं वजन काढलं, आडव्या धरलेल्या दांड्याला टांगलं आणि फोनवरचा आकडा पाहिला. जवळजवळ किलोभर कमी. "तुमचा काटा खातोय," ती म्हणाली. त्याने घाईघाईने सरबत विचारलं. दुसऱ्याचा दांडा पाच मिलिमीटर आखूड निघाला. तिसरा एका फिजिओथेरपिस्ट बाईकडचा, तो मात्र तंतोतंत. लोक बॅटरी विचारतात, रंग विचारतात, पण वजन घेऊन आलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहिलं, असं म्हणत ती बाई पोट धरून हसली.

गॅलरीत वर्तमानपत्र पसरून दोघांनी तो बसवला. ती माहितीपत्रक वाचत होती, तो बोल्ट आवळत होता. पायडल खाली सोडून शून्य घेतलं, फोनवर दांड्याची लांबी एकशे सत्तर मिलिमीटर भरली. खाली आणखी एक चौकट होती, गुणकाची. तिथे शंभर लिहिलेलं. हे काय, त्याने विचारलं. मीटर चुकत असेल तरच त्याला हात लावायचा, तिने सांगितलं, आपला चुकत नाही.

पहिल्याच दिवशी तो पाण्याच्या टाकीच्या चढावर गेला. दीडशे वॅट धरून नऊ मिनिटं पन्नास सेकंद. घरी आला तो घामाने निथळत, चेहरा लालबुंद, हसत. कोसळला त्या दिवशीही तो असाच हसत आला होता. आज तो परत येईपर्यंत ती जिन्यात फोन मुठीत धरून बसलेली.

दुसऱ्या दिवशी तो आंघोळीला गेला, आणि तिने त्याच्या फोनवर शंभरचे एकशे वीस केले.

आता त्याचे पाय सव्वाशे देणार आणि पडदा दीडशे म्हणणार. वीस टक्के. एखाद्या दुकानदाराने एवढा काटा मारला असता तर तिने दुकानाला टाळं लावलं असतं. वाईटात वाईट हे, की त्या रात्री तिला छान झोप लागली.

त्यांच्या सायकलवाल्या टोळीचा म्होरक्या होता कोपऱ्यावरचा औषधवाला. दोन दिवसांची घाटापलीकडची सफर ठरत होती आणि त्याची अट एकच: टाकीचा चढ दहा मिनिटांत चढेल तो येईल, बाकीच्यांना वाऱ्यात ताटकळायला लावणार नाही. नवऱ्याला आता बारा मिनिटं लागत होती. दर वेळी बाराच. त्याने ब्रेक घासतोय का पाहिलं, साखळी बदलली, दोन किलो वजन उतरवलं. तरी बारा. टोळीने त्याचं नाव रोडरोलर ठेवलं, आणि तोही त्यांच्याबरोबर हसला.

मीटरवर मात्र त्याने एकदाही संशय घेतला नाही. चष्म्याचा धंदा त्याचा. जन्मभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढलेले, आकडा म्हणजे त्याला वेदवाक्य. उलट त्याने स्वतःचीच अशी समजूत घातली की पहिल्या दिवशी मीटर नीट बसला नसणार, नकळत जास्त जोर लागला आणि आपण थोडक्यात वाचलो.

"दम शिल्लक असतो गं," एकदा तो म्हणाला. "पण आकडा नाही म्हणतो."

तिने भाजी ढवळली. भाजीला ढवळण्याची काही गरज नव्हती.

मधे एकदा तिने धीर करून एकशे दहा केलेही. त्याच संध्याकाळी तो दोनदा खोकला. पुन्हा एकशे वीस. दिवसा ती बाजारात दुसऱ्यांचे काटे तपासायची, आणि एका मिठाईवाल्याला पन्नास ग्रॅमसाठी झापताना तिचा आवाज मधेच बसला. तो बिचारा पाणी घेऊन आला.

दोन महिन्यांनी औषधवाल्याने नावं मागितली. नवरा जेवता जेवता म्हणाला, मी येत नाही असं कळवतो. आवाजात राग नव्हता, हेच तर वाईट होतं. "माझ्या हृदयाच्या वाट्याला एवढंच. चालायचं. तू मीटर पारखून आणलास म्हणून निदान कळलं तरी. नाहीतर मी हौसेपायी जीव गमावला असता."

तिने हातातला घास ताटात ठेवला.

"अहो, तुमचं हृदय ठीक आहे," ती म्हणाली. "काटा मी मारलाय."

त्याला आधी कळेचना. मग तिने चौकटीचं सगळं सांगितलं, ताटाकडे बघत.

"किती?"

"वीस टक्के."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून."

त्याने ताटाच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं. मग त्याने विचारलं, "आणि बीपीचं यंत्र?"

"त्याला नाही हो हात लावला."

"बरं," तो म्हणाला. पण ते बरं तिला चांगलंच ओळखीचं होतं. तपासणीत दुकानदार शपथा घ्यायला लागला की ती स्वतः असंच बरं म्हणायची आणि वजन पुन्हा ठेवायची. तो उठला, कपाटातून ते यंत्र काढलं आणि शेजाऱ्यांच्या यंत्राशी ताडून बघायला घेऊन गेला.

सकाळी त्याने गुणक स्वतःच्या हाताने शंभर केला. तिने आपलं दहा किलोचं वजन पुढे केलं, त्याने तेही टांगून खात्री करून घेतली आणि तो एकटाच गेला. तासाभराने आला. पुढच्या खोलीत जाऊन त्याने फोन लावला तेव्हा तिला भिंतीपलीकडून कळलं. नऊ चाळीस. दीडशेच्या आत. नाव घाल माझं. "अरे, काही नाही, मीटरमध्ये गडबड होती."

चार शिव्या दिल्या असत्या तर तिला सोसल्या असत्या. हे पांघरूण सोसवेना. ती आत गेली आणि तिने हात पुढे केला. त्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, स्पीकर लावला आणि फोन दिला.

"भावजी, मीटर बरोबर होता," ती म्हणाली. "मीच तो बिघडवला होता. मुद्दाम. हे जोरात जातील म्हणून भीती वाटली."

पलीकडे औषधवाल्याच्या दुकानातला पंखा घरघरत होता.

"वहिनी," तो सावकाश म्हणाला, "माझ्याकडचा छोटा काटा गेल्या महिन्यात तुम्हीच तपासलात ना?"

"हो. तो बरोबर आहे."

"हो, हो. सहज विचारलं."

नवऱ्याला हसू फुटलं, दोन महिन्यांत पहिल्यांदा मनापासून, आणि ते त्याने आवरायचा प्रयत्नही केला नाही. तिला हसू आलं नाही. उद्या सकाळी दुकान उघडलं की औषधवाला तो काटा एकदा कशाशी तरी ताडून बघणार, हे तिला दिसत होतं. आणि त्याचं काही चुकणार नव्हतं.