फोनची तेरवी

नत्थुजीच्या वावरात संत्र्याची दोनशे बारा झाडं होती, आणि सातबाऱ्यावर तिथं 'पडीत' असं लिहिलं होतं. झाडांना वाचता येत नव्हतं म्हणून ती बिचारी फळत होती.

पोळा होऊन आठवडा झाला होता. भादव्याचं ऊन असं, की डोक्यावरचा दुपट्टा पिळला तर पाणी निघावं. काळी माती वरून तडकलेली, पण खाली ओल धरून होती. पाय टाकला की चप्पल ठेवून घ्यायची. पार्वताबाई गळलेली फळं टोपल्यात वेचत होती. तिचा नवरा मात्र सकाळपासून हात उंच करून या झाडाकडून त्या झाडाकडे फिरत होता, जसा काही झाडांना आरसा दाखवत होता. हातात फोन होता, फोनमध्ये पिकाची नोंद करायचं सरकारी ॲप होतं, आणि ते ॲप प्रत्येक झाडाखाली एकच वाक्य बोलत होतं : आपल्या फोनची आवृत्ती जुनी आहे.

"झाड बदलून काय होते?" पार्वताबाई म्हणाली. "फोन तं तोच हाय."

"तथी रेंज चांगली हाय," नत्थुजी म्हणाला आणि पुढच्या झाडाखाली गेला.

नोंदीला आठ दिवस उरले होते. पूर्वी तलाठी चावडीत बसून, चहा पिऊन साऱ्या गावाचं पीक लिहून टाकायचा आणि ते बहुतेक बरोबर निघायचं. आता शेतकऱ्यानं आपल्याच वावरात उभं राहून, आपल्याच पिकाचा फोटो काढून, आपण खोटं बोलत नाही हे सांगायचं होतं. मागच्या साली नत्थुजीचं ते राहून गेलं. मग फागुनात गारा पडल्या. पंचनामेवाले आले. मातीत पडलेल्या संत्र्यांवरून पाय वाचवत चालले, झाडाखाली बसून चार फळं सोलली, बिया थुंकल्या, आणि कागद काढून म्हणाले, ही तर पडीत जमीन आहे, पडीत जमिनीत नुकसान होत नसतं. नत्थुजीनं विचारलं, मग तुम्ही खाल्लं ते काय होतं. त्यासाठी त्यांच्या कागदात रकाना नव्हता.

यंदाही पडीत लागलं तर आपण संत्र्यावाले आहोत हे पुढे कोणाला आणि कसं पटवून द्यायचं, हे नत्थुजीला सुचत नव्हतं.

फोन त्याला सीमानं, म्हणजे मोर्शीला दिलेल्या पोरीनं, चार सालांमागं घेऊन दिला होता. काचेला तडा नव्हता, आवाज खणखणीत होता. तो घेऊन नत्थुजी अंजनगावला अमोलच्या मोबाईल दुकानात गेला. अमोलनं बाजारात बैलाचे दात पाहावेत तसा फोन उलटासुलटा पाहिला आणि निदान केलं : फोनच्या पोटात जी मुख्य सिस्टीम असते तिचा नंबर बारा आहे, आणि ॲपला तेरा लागतो.

"मंग टाकून दे ना तेरा."

"माह्या टाकल्यानं नाई येत, काका. कंपनीनं पाठवा लागते."

"मंग कवा पाठवते?"

कंपनीनं यादी काढली होती. कोणत्या जुन्या फोनांना तेरा मिळणार त्याची. अमोलनं ती दाखवली. यादीत नत्थुजीचा फोन होता. नत्थुजीची छाती दोन बोटं फुगली. खाली बारीक अक्षरात 'टप्प्याटप्प्याने' असं होतं, आणि यादी आठ महिन्यांपूर्वीची होती. मग अमोलनं फोनमध्ये खोल शिरून अपडेटचं बटण दाबलं. गोल चक्र फिरलं, थांबलं, आणि फोन म्हणाला : आपला फोन अद्ययावत आहे.

नत्थुजीनं ते दोनदा वाचलं. ॲप म्हणे फोन जुना, फोन म्हणे मी नवा. सासू म्हणते सून काम करत नाही, सून म्हणते कामच उरलं नाही, आणि भांडी तर मोरीत तशीच पडलेली.

अमोलनं काचेतून एक नवा फोन काढून पुढे सरकवला. नत्थुजीनं विचारलं, याले चौदा येते काय. येईल म्हणाला अमोल, टप्प्याटप्प्यानं. नत्थुजीनं त्याला तो फोन परत काचेत ठेवायला लावला.

गावात येऊन त्यानं पारावर सांगितलं, की तेरा आल्याशिवाय काही खरं नाही. आता आपल्याकडे तेरा म्हटलं की माणसाला एकच गोष्ट आठवते. दुसऱ्या दिवशी साऱ्या गावाला माहीत झालं की नत्थुजीचा फोन बाराव्यावर लटकला आहे आणि त्याची तेरवी होत नाही. दळण घेऊन चाललेली बाईसुद्धा वाटेत विचारायची, तेरवी कवा हाय. कोणी म्हणे, आलू-वांग्याची भाजी पातळ करजो. कोणी म्हणे, कावळा शिवला काय. नत्थुजी हसायचा. सकाळी उठून तोंड धुवायच्या आधी तो बटण दाबायचा. फोन म्हणायचा, अद्ययावत. मग तो तोंड धुवायचा.

चांगले फोन गावात नव्हते असं नाही. शेखरचा होता, पण एका फोनवर वीसच खाती चढतात आणि शेखरचा फोन वीस जणांनी पहिल्याच आठवड्यात भरून टाकला होता. नेमलेला सहायक होता, त्याच्याकडे अकरा गावं होती आणि त्याचा फोन कायम दुसऱ्या गावात असायचा. फिरून फिरून नाव एकाच माणसावर येत होतं. चंद्रभान. नत्थुजीचा सख्खा, पाठचा भाऊ. त्याच्या पोरानं पुण्याहून त्याला नवा कोरा फोन पाठवला होता.

बापाच्या चार एकराच्या दोन लांबलचक पट्ट्या झाल्या होत्या. पश्चिमेची नत्थुजीची, पूर्वेची चंद्रभानची, मधे धुरा, म्हणजे बांध. नत्थुजीनं संत्र्याची शेवटची ओळ धुऱ्याला खेटून लावली आणि तिची सावली चंद्रभानच्या तुरीवर पडू लागली. चंद्रभान म्हणे, धुरा हातभर माह्याकडे सरकला. नत्थुजी म्हणे, हातभर तुह्याकडूनच आला. सात सालांमागं त्याच धुऱ्यावर उभे राहून दोघांनी शेवटचं बोलून घेतलं. तुह्या वावरात पाय टाकीन तं बापाचं नाव नाई सांगनार, हे नत्थुजीचं. आता तुह्या तेरवीलेच ईन, त्याच्या आधी नाई, हे चंद्रभानचं. तेव्हाच नत्थुजीनं मोजणीचा अर्ज केला होता, चार हेलपाट्यांनंतर यंदा त्याचा नंबर लागला होता, पुढल्या महिन्यात मोजणीवाला येणार होता. तेवढ्या एका दिवसासाठी तो जगत होता असं पार्वताबाईचं मत होतं.

आणि आता त्याच भावापुढं हात पसरायचा. नत्थुजी म्हणाला, पडीत लागलं तरी चालीन.  पार्वताबाईनं डोक्यावर पदर घेतला आणि चंद्रभानच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, उद्या सकायी आमच्या घरी तेरवी हाय. येजा."

चंद्रभाननं सुपारी कातरणं थांबवलं.  "स्वयंपाक हाय काय?"

"आलू-वांगं हाय."

दुसऱ्या दिवशी चंद्रभान आंघोळ करून, कपाळाला गंध लावून आला. तेरवीच्या घरी न्यावा तसा घडी घातलेला नवा दुपट्टा त्याच्या हातात होता. सात सालांनी तो त्या अंगणात बसला, तीन पोळ्या खाल्ल्या, भाजी मागून घेतली.  मग हात धुऊन त्यानं कोनाड्यातल्या फोनवर दुपट्टा पांघरला आणि भिंतीशी बोलल्यासारखं म्हणाला, "मी शब्दाचा पक्का हाय, वयनी. तेरवीले ईन म्हनलं होतं, आलो."

"कोनाच्या तेरवीले म्हनला होता ते तं आठव," नत्थुजी म्हणाला.

"हे लहानी झाली. मोठी होईन टप्प्याटप्प्यानं."

पार्वताबाई हसू दाबायला चुलीकडे वळली.

वावरात गेले तेव्हा दहा वाजले होते. चंद्रभाननं आपल्या फोनवर नत्थुजीचं खातं उघडलं. सहा आकडे नत्थुजीच्या जुन्या फोनवर आले. तेवढ्या कामाला तो अजून चालत होता. मग चंद्रभाननं नवा फोन भावाच्या हातात दिला आणि आपण धुऱ्यावर जाऊन बसला. नत्थुजी आपल्या वावराच्या मधोमध, आपल्या हातानं लावलेल्या झाडाखाली उभा राहिला. फोन म्हणाला : आपण आपल्या गटापासून तेवीस मीटर दूर आहात.

नत्थुजीनं आजूबाजूला पाहिलं. झाडं तीच होती. तो पश्चिमेकडे सरकला, आकडा तीसवर गेला. पूर्वेकडे वळला, तो अठरा झाला. मग तो आकड्यावर नजर ठेवून चालत सुटला. चौदा. नऊ. पाच. धुऱ्यावर येऊन उभा राहिला तेव्हा फोनवर दोन मीटर होतं, आणि समोर चंद्रभानची तूर होती.

"आला काय?" चंद्रभान बसल्या जागेवरून म्हणाला.

 नत्थुजीनं एक पाय धुऱ्यावर रोवला आणि हात लांब करून फोन तुरीवर धरला. दोनाचा एक झाला. अंग आणखी ताणलं, तोल जाऊ लागला, एकाचा शून्य होईना. साठी ओलांडलेला माणूस धुऱ्यावर बगळ्यासारखा वाकून उभा होता आणि त्याचा भाऊ सुपारी चघळत पाहत होता.

"पाय टाक ना," चंद्रभान म्हणाला.

"वावर माहं तिकडं हाय."

"फोन म्हनते माह्यात हाय. मले काय मालूम नाई? माहं वावर नेऊन टाकलं पार ई-क्लासात, सरकारी बाभयीत. साऱ्या शिवाराचा नकाशाच एक पट्टी सरकला हाय. मी तुरीचं झाड उपटून नेलं, बाभयीखाली उभं केलं, अन् फोटो मारला. झाली नोंद."

"म्हंजे तू सरकारले खोटं सांगतलं."

"सरकारनं सांगतलं त्या जागी जाऊन सांगतलं," चंद्रभान म्हणाला. "तू खरं सांग. तुह्या वावरात उभा राहून सांग. घेते काय पाह्य."

नत्थुजीनं पाहिलं होतं.  उन्हात तुरीच्या शेंड्यांवर पिवळी फुलपाखरं उडत होती. नोंदीचा उद्या शेवटचा दिवस होता. मग त्यानं धुऱ्याला खेटलेल्या, भांडणाच्याच ओळीतली फळांनी लगडलेली एक फांदी कोयत्यानं तोडली, आणि चप्पल धुऱ्यावर काढून ठेवून अनवाणी भावाच्या वावरात उतरला. चपलेनं पाय टाकला नाही, एवढीच त्यानं बापाच्या नावाची लाज राखली.

फांदी उभी धरायला कोणीतरी हवं होतं. चंद्रभान उठला. तुरीच्या तासात तो गुडघ्यावर बसला, फांदी मातीत रोवल्यासारखी धरली, आणि तिच्या मागं दडला. नत्थुजीनं फोटो काढला. पहिल्या फोटोत झाडाच्या बुडाशी चंद्रभानचे दोन्ही पाय आले. दुसऱ्यात त्याची टोपी आली. तिसरा साधला. झाडांची संख्या विचारली, त्यानं दोनशे बारा टाकली. फोन म्हणाला : आपले स्थान योग्य आहे. नोंद यशस्वी.

नत्थुजी तुरीत उभा राहून ते वाचत होता. सात सालं तो ज्या हातभर जमिनीसाठी भांडला, तिच्या पलीकडची चाळीस मीटर त्याची झाली होती आणि अलीकडचं सारं गेलं होतं.

चंद्रभाननं गुडघ्याची माती झटकली. फांदीवरचं एक हिरवं फळ तोडून वास घेतला. मग अगदी सहज विचारलं, "मोजनीवाला पुढल्या महिन्यात हाय ना तुहा?"

"हाव."

"तो येईन, साखयी लावीन, अन् लिहीन की अथी तूर हाय. मंग तुहा संत्रा कुठी गेला म्हनतीन. अन् माही तूर बाभयीत कशी उगली म्हनतीन. तू बी पडीत, मी बी पडीत."

नत्थुजीनं धुऱ्याकडे पाहिलं. धुरा तिथंच होता, जसा सात सालं होता, हातभर इकडे की तिकडे ते आता कोणीच सांगायला येणार नव्हतं. पुढच्या हंगामात पुन्हा याच तुरीत उतरायचं, पुन्हा याच भावाला फांदी धरायला लावायचं, आणि तोंड मिटून राहायचं.

"काहाडून घेतो अर्ज," तो म्हणाला.

"सोमवारी काहाड. मी येतो संग. मलेही पाहायचं हाय काहाडताना."

नत्थुजीला त्यावर शिवी सुचली होती, पण तेवढ्यात त्याच्या संत्र्यातून माणसाची चाहूल आली. पश्चिमेच्या पट्टीवाला रामराव झाडांमधून येत होता. अकोटहून मागवलेला भाच्याचा फोन त्यानं तोंडापुढं धरला होता, आणि दुसऱ्या हातात मुळासकट उपटलेली कापसाची पराटी होती, दोन बोंडं फुटलेली. वर न पाहता तो आकडे म्हणत चालला होता. सात. चार. दोन. मग नत्थुजीच्या सगळ्यात मोठ्या झाडाखाली तो थांबला आणि कसनुसा हसला.

"नत्थुजी, माहं वावर अथी निंगालं बापा."

नत्थुजी धुरा ओलांडून परत आपल्या वावरात आला. झाडाकडे पाहिलं, पराटीकडे पाहिलं. रामराव त्याच्या तोंडाकडे पाहत होता, नाही म्हणेल की काय या भीतीनं. नत्थुजीनं त्याच्या हातातून पराटी घेतली, संत्र्याच्या सावलीत गुडघ्यावर बसला, आणि ती मातीला टेकवून सरळ धरली.

"आधी वर धर फोन," तो पराटीमागून म्हणाला. "पाय येतात फोटोत."