दीपखडकापाशी दोन आवाज

कार्तिकातली कलती दुपार. शिंपणेबंदरावर ऊन पिवळं, पिकलं, परागासारखं पसरलेलं. निळा निवांत सागर, ताम्रवर्णी तट, तटाच्या टोकाला शेवाळश्यामल बुरूज. जुन्या जकातघराच्या कमानीतून वारा येत होता, जात होता, पुन्हा येत होता. गाव फार जुनं, आणि त्या जुनेपणाची त्याला मुळीच लाज नव्हती.

त्या कमानीत आता एक पाटी आहे. तिच्यावरचा काळापांढरा चौकोन फोनने टिपावा, कानात इअरफोनची बोंडं घालावीत आणि चालू लागावं. वाटाड्या नको, सोबत नको. एक मंद्र, मधुर, मधाळ आवाज माणसाला जणू बोटाला धरून गल्लीगल्लीतून नेतो. तो आवाज कुमुदिनीबाई रेवाळ्यांचा, काही वर्षांपूर्वी मुद्रित करून ठेवलेला. शाळेत बाई कविता म्हणू लागल्या की शेजारच्या वर्गातलं गणित बंद पडायचं.

मग गळ्यात गाठ निघाली. गाठ गेली, आणि तिच्यामागोमाग स्वरही गेला. उरला तो फुटक्या मडक्यात खडे हलवावेत तसा खरखराट. बाई इस्पितळातून घरी येऊन पहिल्यांदा आतून बोलल्या, तेव्हा दाराशी उभा दूधवाला म्हणाला, "जरा बाईंना बोलवता का?" त्या दिवशी बाईंनी ओठ मिटले ते मिटलेच. "बोलत राहा, नाहीतर उरलाय तोही जाईल," डॉक्टरांनी बजावलं. बाईंनी मान हलवून होकार दिला.

आज मात्र त्यांना राहवलं नाही. कमानीत उभं राहून त्यांनी कानात बोंडं घातली, आणि गेलेला स्वर परत आला. अखंड, अभंग, ओलाव्याने ओथंबलेला. 'या, शिंपण्यात तुमचं स्वागत आहे,' तो म्हणाला, आणि बाई आपल्याच गावात पाहुण्यासारख्या निघाल्या. लिंबू रंगाची घरं, गेरूचे उंबरे, झावळ्यांच्या हलत्या, हळव्या सावल्या. स्वर सांगत होता आणि बाईंना हेवा वाटत होता. स्वतःचाच हेवा, त्याला औषध नाही.

त्याच वेळी कमानीतून निघालेली एक मुलगी पुढे चालली होती. पिवळी ओढणी, कानात तीच बोंडं. स्वराने 'वर पाहा' म्हटलं की मान वर, 'थांबा' म्हटलं की पाय जागच्या जागी. अशी गुणी विद्यार्थिनी बाईंना साऱ्या नोकरीत भेटली नव्हती. त्या खुशीतच तिच्यामागून बुरुजापर्यंत आल्या.

'आता पायऱ्या उतरा,' स्वर म्हणाला. 'दगडी वाटेने दीपखडकावर जा. गलबतांसाठी इथे दिवा लागत असे. बसा. कानातलं काढून ठेवा. डोळे मिटा. आता मी बोलणार नाही, समुद्र बोलेल.'

मुलगी उतरली. गेली. बसली. तिने डोळे मिटले.

आणि बाईंना आजची तिथी आठवली. दशमी! दशमीला दिवेलागणीपर्यंत भरती भरते. हे शिंपण्यात कोण कुणाला सांगतं? दूधपित्या पोरालाही ते ठाऊक. त्या गोड, गुंजणाऱ्या, गावभर गाजलेल्या आवाजाने सगळं सांगितलं होतं. म्हणूनच तेवढं सांगितलं नव्हतं. खडकामागे पाणी येत होतं. गुपचूप, गुळगुळीत, दगडामागून दगड गिळत येत होतं.

बाईंनी हात हलवले. मिटल्या डोळ्यांना हात दिसत नाहीत. आसपास चिटपाखरू नव्हतं. त्यांनी कानातली बोंडं उपटली, तोंड उघडलं, आणि घशातून काहीतरी फाटत, खरडत, रक्ताच्या चवीचं बाहेर आलं.

"अगो ए बाय! माघारी ये! भरती लागली! ऊठ गो!"

बुरुजावरचे बगळे उडाले. मुलगी दचकली, वळली, धावली. गुडघाभर पाण्यातून धडपडत पायरीशी आली, आणि बाईंनी तिचं मनगट पकडून तिला वर ओढलं. ओढणी भिजली होती, फोन पाण्यात गेला होता.

"काकू, आत्ता तर पाणी पार तिकडं होतं की!" मुलगी जालन्याची, नाव प्रणिता. जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहत होती. दम खाऊन, ओढणी पिळून ती चुटपुटली, "पुढचं गाव राहिलंच आता. त्या बाई किती गोड सांगत होत्या हो."

बाईंना नेहमीसारखी मान हलवून निरोप देता आला असता. तो गोड आवाज कुणाचा, हे मुलीला कळायचं कारण नव्हतं.

"गोड सांगत होती," त्या खरखरल्या, "पण भरतीचं सांगायला विसरली, मेली." आणि स्वतःच हसल्या. हसूही खरखरीतच निघालं. "चल. पुढचं मी सांगते."

प्रणिता अगदी जवळ आली, कान पुढे करून चालू लागली. कौलांवर केशर उतरलं, केशराचं कुंकू झालं, कुंकवाची काजळी झाली. वखारींच्या आळीत आवाज मध्येच तुटे, तेव्हा मुलगी थांबे. आवाज पुन्हा जुळे, तेव्हा मुलगी निघे. "मग?" ती विचारी. आणि बाई बोलत होत्या, खोकत होत्या, बोलत होत्या, बोलत होत्या.