एक वगळून

जनावरं किती, असं कुणी विचारलं की एक कमी सांगायचं. तेही गोठ्यातलं सगळ्यात देखणं वगळून, कारण मोजलेल्याला नजर लागते! साळूबाईला हे सासूनं शिकवलं होतं. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या अकरा उंबऱ्यांच्या वाडीत सगळ्याच सासवा हेच शिकवत आल्या. दावणीला सतरा होती तेव्हा सोळा सांगून कुणाचं काय बिघडत होतं?

पण पोरं शिरवळच्या कंपन्यांत गेली, नांगरटीला पॉवर टिलर आला, चरायच्या माळावर फार्महाऊसवाल्यांनी तारा ओढल्या. एकेक करत दावण रिकामी झाली. साळूबाईकडं आता चांदी गाय तेवढी उरली होती.

पशुगणनेला वैष्णवी आली. खालच्या वाडीची सून, हातात मोबाईल.

"आत्ती, जनावरं किती?"

"एकबी न्हाई," साळूबाईनं ठोकून दिलं. तेवढ्यात गोठ्यात चांदी हंबरली.

वैष्णवीला हसू फुटलं. "मंग ही कोण वरडतीया?"

"वरडू दे की! तुला गं काय करायचंय?"

"आत्ती, धा घरं फिरून आले. दर घरात एक जनावर, आन् दर घर म्हणतंय न्हाई. वाडीला शून्य लिवू का?" वैष्णवी आता हसत नव्हती. "पल्याड लंपी परत आलाय. जेवढी नोंद, तेवढीच लस येती. शून्य लिवल्यावर डॉक्टर काय आणतील?"

साळूबाई उंबऱ्यावर बसली.

मागच्या मोजणीला तिच्याकडं दोन होती, चांदी आणि राजा बैल. रीतीप्रमाणं तिनं एकच सांगितलं, राजाला वगळून. पुढं साथ आली, तेव्हा डॉक्टरांकडं तिच्या नावाची एकच लस निघाली. ती चांदीला टोचली. राजाच्या अंगावर गाठी उठल्या आणि पंधरा दिवसांत तो गेला. शेजारच्या रतनबाईनंच नजर लावली, असं तिनं मनाशी धरलं होतं. दोघींचे बैल एकाच जुवाला चालायचे, पण त्या दिवसापासून साळूबाई तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"म्याच मारलं गं त्याला," ती म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.

वैष्णवी शेजारी टेकली. साळूबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"लिव. गाय, एक." मग ती उठली आणि वैष्णवीला घेऊन तडक रतनबाईच्या दारात जाऊन उभी राहिली.

"रतने, पोरीला खरं काय ते सांग. माझा राजा तुझ्या नजरंनं न्हाई गेला. माझ्या तोंडानं गेला."

रतनबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"दोन वर्सं लागली व्हय तुला, हे सांगाया?" ती म्हणाली. मग वैष्णवीकडं वळली. "लिव बाई. बैल, एक. जोडीदार न्हाई त्याला."