चाळीस तासांचे बूट

पत्रकातला अकरावा मुद्दा मी बुधवारी सकाळी सहा वाजता वाचला. पहिले दहा मुद्दे तीन महिन्यांपूर्वीच वाचून, त्याप्रमाणे सामान आणून, एकेकावर खूण करून झाली होती. अकरावा पानाच्या मागच्या बाजूला होता. बूट किमान चाळीस तास चालून मुरलेले असावेत, बसजवळ तपासणी होईल, कोऱ्या बुटांना बसमध्ये प्रवेश नाही.

माझे बूट खोक्यात होते. मळू नयेत म्हणून मी त्यांना तीन महिने हातही लावला नव्हता.

बस शुक्रवारी संध्याकाळी पाचला सुटणार होती. पुढे बारा दिवस डोंगरातून पायी, दोनशे दहा किलोमीटर. या पायपिटीची मी सहा वर्षं वाट बघत होते. एकदा नवऱ्याचं अपेंडिक्स आडवं आलं, एकदा आमच्या प्रयोगशाळेची तपासणी, बाकीच्या वर्षी रजाच मिळाली नाही. आम्हाला नेणारे गृहस्थ शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले, सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. गुडघे कुरकुरायला लागल्यामुळे ही आपली शेवटची फेरी, असं त्यांनी जाहीर केलं होतं. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

कॅप्टनना फोन करून खरं काय ते सांग, असं नवऱ्याचं मत पडलं. मी आलेखाचा कागद घेऊन बसले.

मी पाण्याचे नमुने तपासते. प्रयोगशाळेत बाहेरची पादत्राणं चालत नाहीत, त्यामुळे दिवसभर बूट घालणं मला शक्य नव्हतं. पण पत्रक पुन्हा नीट वाचल्यावर लक्षात आलं की चाळीस तास बुटांना हवे होते. पायांचा उल्लेख त्यात कुठेही नव्हता.

नवऱ्याचा पाय दोन नंबरांनी मोठा. त्याचा अंगठा बुटात शिरला आणि बाकीची मंडळी बाहेरच राहिली. म्हणून त्याला नोंदी ठेवायचं काम दिलं. सासूबाईंचा नंबर मात्र तंतोतंत माझाच. या वयात मला हवालदार करणार का, असं त्यांनी विचारलं. मग बूट घालून स्वयंपाकघरापर्यंत दोनदा जाऊन आल्या आणि आपली पाळी नक्की किती वाजता सुरू होते ते विचारलं. वरच्या मजल्यावरच्या पोस्टमनचे पाय नाजूक, त्याची त्याला लाजच वाटायची. तो लगेच तयार झाला, कारण त्याचे स्वतःचे बूट पुढून आ वासून बसले होते.

तक्ता फ्रिजवर लागला. तिन्ही दिवस मिळून पोस्टमन पंधरा तास, सासूबाई तेरा, मी बारा. बेरीज चाळीस.

बुधवारी संध्याकाळी मी सातला घरी आले तेव्हा माझी पाळी सुरू झाली होती, पण बूट घरात नव्हते. सासूबाई साडेआठला आल्या. कुठे गेला होतात, तर म्हणे इथेच. 'इथेच' म्हणजे वाचनालय, तिथून दातांचे डॉक्टर, तिथून पूल ओलांडून पलीकडची बाग. पाच किलोमीटर तरी भरले असते. टाच कित्येक वर्षांनी दुखली नाही, असं त्यांनी सांगितलं आणि बूट न काढताच जेवायला बसल्या.

गुरुवारीही तेच. त्यांनी बूट काढून दिले ते थेट पोस्टमनला. मला सकाळचा एक तास मिळाला. तिथे वरती पहाटे स्वेटर लागतो का, आडोशाची सोय काय, हे त्या मला बारकाईनं विचारत होत्या. सुनेची काळजी बघून मला भरून आलं. दुपारी त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या टेबलावर मांडून मोजल्या, असं नवऱ्यानं सांगितलं. बरोबर बारा काढून वेगळ्या ठेवल्या. मी नसताना घोळ नको म्हणून, असा मी अर्थ लावला.

शुक्रवारी साडेतीनला नवऱ्यानं बेरीज केली. पोस्टमन पंधरा, सासूबाई बावीस, मी तीन. एकूण चाळीस. मी बूट घातले.

डाव्या बुटात सासूबाईंच्या अंगठ्याजवळच्या हाडाला पुरेल एवढी खोली तयार झाली होती. तिथे माझं काहीच नव्हतं. पोस्टमन उजवा पाय बाहेर फेकत चालतो, हे मला पायऱ्यांवरच्या आवाजावरून ठाऊक होतं. आता ते बुटालाही ठाऊक झालं होतं. दहा पावलांत दोन्ही टाचा लाल झाल्या.

"पायातली वहाण पायातच बरी," सासूबाई म्हणाल्या. "आण इकडे. बसपर्यंत मी घालते, कोपऱ्यावर बदलू."

मी कामावर जायचे जुने कातडी बूट चढवले, पाठीवर पिशवी घेतली, आणि आम्ही तिघं निघालो. पण कॅप्टन नेमके कोपऱ्यावरच स्टूल टाकून बसले होते. आमच्या पुढच्या माणसाचे बूट आरशासारखे चमकत होते. त्याला त्यांनी शांतपणे घरी पाठवलं. मग सासूबाईंचा पाय स्वतःच्या गुडघ्यावर घेऊन तळ बघितला.

"याला म्हणतात बूट, ताई," ते म्हणाले आणि माझ्या नावापुढे खूण केली. मग माझ्याकडे वळून, तुम्ही यांना सोडायला आलात का, असं विचारलं.

खोटं बोलायचं तर आकडे बदलावे लागले असते. ते मला जमत नाही. मी सगळं सांगितलं आणि नवऱ्यानं तक्ता पुढे केला. कॅप्टननी तो दोनदा वाचला.

"तुम्हाला ताप आला तर औषध शेजाऱ्याला पाजता का?"

मी नाही म्हणाले.

"आता पायात काय आहे?"

मी पाय वर केला. ते तळ बोटानं चाचपत राहिले. किती जुने, तर दोन वर्षं, एकदा तळ बदललेले. रोज तीन किलोमीटर जाताना, तीन येताना. तास किती होतात, असं त्यांनी विचारलं.

"सहाशे बहात्तर," मी मनात हिशेब करून म्हणाले. "रजा वगळून."

"काखेत कळसा," कॅप्टन म्हणाले. पुढचं बोलण्याची तसदी त्यांनी घेतली नाही. मला हातानं बसकडे जायची खूण केली.

बसमध्ये एक जागा रिकामी झाली होती, ती चमकत्या बुटांची. तिथे खिडकीशी सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून स्वेटरची बाही बाहेर आलेली. पडताळणी झालेल्या बुटांना कोण अडवणार, असं त्यांनी कॅप्टनना विचारल्याचं मागाहून कळलं. त्यांनी यादीत एक नाव खोडून दुसरं लिहिलं होतं.

नवरा खिडकीखाली उभा होता.

"आई, निदान मला विचारायचं तरी."

"तुझा पाय बसला नाही त्यात," सासूबाई म्हणाल्या. "तुला विचारून काय करू?"

बस हलली. नवऱ्यानं सवयीनं घड्याळ बघितलं, तक्ता बसथांब्याच्या खांबावर धरला आणि आईच्या रकान्यात लिहिलं, पाच वाजून चार मिनिटं, सुरू.