रिकिबीची खूण

झूराकानच्या उजव्या हाताची दोन बोटं एकोणतीस वर्षांत कधी धड स्वच्छ दिसली नव्हती. खरचटलं, लाव हिरवं औषध. भाजलं, हिरवं. कुत्रा चावला, कांजिण्या आल्या, हिरवं. आज बाप झालेल्या कितीतरी पुरुषांचे गुडघे तिनं एकेकाळी रंगवले होते. गावच्या दवाखान्यात डॉक्टर नव्हता. जे काही होतं ते नर्स झूराकान होती, आणि तिला कुणी काही शिकवायला जात नसे. त्यामुळे तालुक्याच्या गावी दर सोमवारी जखमांच्या देखभालीचा वर्ग भरणार आणि शिकवायला राजधानी बिश्केकहून एकतीस वर्षांची पोरगी येणार, हे ऐकून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

तरी ती गेली, ती भासऱ्यांच्या पायासाठी.

भासरे म्हणजे तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ. सासष्ट वर्षांचा माणूस, सगळं आयुष्य घोड्यांच्या कळपामागे गेलेलं. शरद ऋतूत कुरणावरून खाली उतरले तेव्हा उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी, जखम झाली होती. साखरेच्या आजारानं पायाची जाणीव केव्हाच गेलेली, म्हणून दुखत नव्हती. आणि दुखत नाही म्हणून कुणी मनावर घेतली नव्हती. आता वसंत आला तरी ती भरेना. जिल्ह्याच्या इस्पितळातल्या सर्जननं तारीख दिली होती. त्या तारखेला पाय गुडघ्याखाली कापायचा. मध्ये अठ्ठावीस दिवस उरले होते.

खरी लाज पुढेच आहे. ही जखम झूराकाननं एकदाही पाहिली नव्हती. किर्गिझ रीतीप्रमाणे, सून म्हणून घरात आल्यापासून सव्वीस वर्षांत तिनं भासऱ्यांचं नाव उच्चारलं नव्हतं, त्यांच्याकडे पाठ केली नव्हती, त्यांच्यासमोर पाय पसरले नव्हते. मग त्यांनी तरी आपला अनवाणी पाय तिच्यापुढे कसा धरावा? ती औषधाची बाटली आणि कापूस जावेच्या हाती द्यायची आणि जाऊ रंगवायची. गावभरच्या जखमा उघडून बघणारी बाई, घरातली जखम तेवढी ऐकून होती.

पहिल्या सोमवारी शिकवणाऱ्या चोल्पोनायनं टेबलावर मेंढीची एक कच्ची तंगडी ठेवली. बारा नर्सा होत्या. एकीनं लगेच विचारलं, धडा झाल्यावर ही कुणाच्या पातेल्यात जाणार? चोल्पोनाय म्हणाली, जी सगळ्यात चांगलं उत्तर देईल तिच्या. मग तिनं मांसात सुरीनं खड्डा पाडला, त्यावर हिरवं औषध ओतलं आणि विचारलं, "आता सांगा, जखमेचा रंग कोणता?"

"हिरवा," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या.

"हसा. मीही शिकायला बसले होते तेव्हा हसलेच होते. लाल आहे की पिवळी, की काळी पडलीय, एवढंच तर जखम आपल्याला सांगत असते. तिच्या तोंडावर रंग फासला की ती काय सांगणार?"

झूराकाननं बोटं पदराआड घ्यावीत तशी डगल्याच्या खिशात घातली.

मग पोरीनं भिंतीवर एकाच जखमेचे फोटो दाखवले, रोजचा एक. पहिल्यांदा नुसता खड्डा. मग तळाशी लाल दाणे, डाळिंब फोडल्यासारखे. मग कडेनं फिकट, दुधी, ओली अशी एक रेघ, आणि ती रेघ रोज जेमतेम केसभर आत सरकत होती. कुणी ढकलत नव्हतं, कुणी शिवत नव्हतं. चारी बाजूंनी कातडी आपली आपण मधोमध चालत निघाली होती आणि शेवटच्या फोटोत येऊन एक झाली होती. झूराकान पुढे सरकून बसली. एवढं थोरलं काम रोज तिच्या हाताखाली चाललं होतं, आणि तिनं ते कधी पाहिलंच नव्हतं.

"ही कड कोरड्या पट्टीला चिकटते," चोल्पोनाय म्हणाली, "आणि आपण पट्टी खस्सकन ओढतो. पट्टीबरोबर आठवड्याची चाल निघून येते."

किती आठवडे ओढून काढले असतील आपण, झूराकान मनात हिशेब करू लागली आणि घाबरून थांबली.

घरचा अभ्यास असा होता: प्रत्येकीनं एक जखम निवडायची, पारदर्शक प्लास्टिकवर तिची कड गिरवायची, तक्ता भरायचा. आणि जखमेत कारण शोधत बसायचं नाही, ते बाहेर असतं. ज्या पायाला जाणीव नाही त्याच्या बुटात आपला हात घालायचा. जे पायाला कळत नाही ते हाताला कळतं.

दुसऱ्या दिवशी झूराकान भासऱ्यांच्या दारात उभी राहिली. अंगात पांढरा डगला होता. एरवी ती या घरात डगला घालून कधी येत नसे. जाऊ चहा ओतत होती, तिचा हात थबकला. भासरे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "सुनेला म्हणावं, बाटली तिथंच ठेव."

"आज सून आलेली नाही," झूराकान म्हणाली. "आज दवाखाना आलाय."

मग रजईखालून हळूहळू एक पाय बाहेर आला. भासऱ्यांचं तोंड भिंतीकडेच होतं.

उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं पट्टी भिजवण्यात अर्धा तास गेला. ओढायची नाही, ओढायची नाही, ती स्वतःला बजावत होती. हिरव्या रंगाचे थर सुटले, कडेचा घट्टा तिनं वर्गात शिकवल्याप्रमाणे हलक्या हातानं तासला, आणि तळ दिसला. लाल होता. जिवंत, ओला, दाणेदार लाल. सहा महिने हा पाय तुडवला गेला, रंगवला गेला, रोज ओरबाडला गेला, आणि तरीही रोज पुन्हा तो नव्यानं भरायला बसला होता. झूराकान उकिडवी होती ती तशीच मागे बसली.

"काय झालं?" भिंतीकडून प्रश्न आला. "सडलाय?"

"नाही," ती म्हणाली. "तो अजून कामावर आहे."

तिनं जखमेची कड गिरवली. वालाच्या दाण्याएवढी, एका बाजूला तिरकी. मग बुटात हात घातला. आत, अंगठ्याच्या मुळाखाली, तळ वर उचलला होता. बूट उलटा केला तर खालून तिथंच खोच पडलेली. दगडानं पडावी तर दगड रोज एकाच जागी कसा लागेल? बूट हातात घेऊन ती खिडकीशी गेली. अंगणात भासऱ्यांचा करडा घोडा खोगीर चढवलेला उभा होता आणि पाय रोवायची उजवी रिकीब उन्हात लोंबत होती.

ती बाहेर गेली. गेल्या उन्हाळ्यात ही रिकीब मोडली होती आणि तिच्याच नवऱ्यानं वेल्डिंग करून जोडली होती. जोडाचा उंचवटा त्यानं कानशीनं घासला नव्हता. चालतंय, म्हणाला होता. झूराकाननं प्लास्टिकचा तुकडा त्या उंचवट्यावर ठेवला. तिरकी बाजू तिरक्या बाजूवर बसली, गोल बाजू गोल बाजूवर. लोखंडानं सहा महिने आपली सही केली होती आणि ती वाचायला इतक्या जणांतलं कुणी खाली वाकलं नव्हतं.

आत येऊन तिनं भासऱ्यांना सांगितलं की घोडा बंद. थेट त्यांच्याकडे बघून सांगितलं, हेही सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच.

"पाय गेला तर घोडा सुटेल, म्हणून आजपासूनच सोडू म्हणतेस?" ते म्हणाले. "बरं औषध आहे तुझं."

"थोडे दिवस उतरा. नाहीतर कायमचे उतराल."

ते संध्याकाळी पुन्हा खोगीर कसतील हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून जाताना तिनं वादी सोडली, उजवी रिकीब काढली आणि ती हातात घेऊन भर गल्लीतून चालत गेली. सुनेनं थोरल्या दिराची रिकीब उचलून नेली, ही बातमी तिच्याआधी घरी पोचली. नवऱ्यानं दारातच विचारलं, वेड लागलंय का? तिनं रिकीब त्याच्या हातात दिली आणि जोडावर अंगठा फिरवायला सांगितलं. त्यानं फिरवला. त्या रात्री तो जेवला नाही.

पुढच्या सोमवारी तिनं मेंढीच्या तंगडीच्या जागी रिकीब ठेवली आणि तिच्यावर प्लास्टिक. अकरा जणी माना पुढे काढून बघत राहिल्या. चोल्पोनायनं खुर्ची मागे सारली, उभी राहिली आणि म्हणाली की तिनं हे पुस्तकात वाचलं होतं, असं टेबलावर कधी पाहिलं नव्हतं. जखमेवरचा भार काढणारा खास बूट मिळतो, पण तो इथवर यायला महिने लागतील, हेही तिनं खरंखरं सांगितलं.

"बूट नको," झूराकान म्हणाली आणि पिशवीतून नमद्याचा तुकडा काढला. माहेरून आणलेल्या, आईनं लोकर लाटून केलेल्या जाड नमद्याचा कोपरा तिनं कापला होता. तळव्याच्या आकाराचा, आणि जखम येईल तिथं भोक. भार सगळीकडे, फक्त तिथं नाही. चोल्पोनायनं तो तुकडा उलटसुलट करून पाहिला, मग वही काढली आणि विद्यार्थिनीसारखी लिहून घेऊ लागली.

"नावाच्या रकान्यात काही लिहिलं नाहीस, ताई," तक्ता बघत ती म्हणाली. बाकीच्या जणी हळूच हसल्या. भासऱ्यांचं नाव कोण लिहिणार? चोल्पोनायही किर्गिझच होती. तिनं तक्ता गुपचूप खाली ठेवला.

तारखेच्या दिवशी सर्जननं पाय उजेडात धरला, झूराकाननं दर आठवड्याला गिरवलेले प्लास्टिकचे चारही तुकडे एकावर एक ठेवले. वालाचा दाणा मसुरीएवढा उरला होता. त्यानं पुन्हा मोजलं आणि आपल्या वहीतली ओळ खोडली. गाडीत परतताना झूराकान खिडकीकडे तोंड करून रडली.

आणखी सात आठवडे गेले. एका सकाळी तिनं पट्टी भिजवून उचलली आणि खाली काहीच नव्हतं. कांद्याच्या पातीच्या आतल्या पापुद्र्यासारखी गुलाबी, नवी कातडी होती. चारी कडा मधोमध पोचल्या होत्या.

"कसं आहे?" भासऱ्यांनी विचारलं. तळवा त्यांना दिसत नव्हता, पायाला जाणवत नव्हतं. झूराकाननं त्यांचा हात धरला, हाही पहिल्यांदाच, आणि बोटं त्या जागेवर नेऊन ठेवली. जन्मभर लगाम धरलेली ती राठ बोटं तिथं जरा फिरली आणि थांबली.

"हे तू केलंस?"

"मी फक्त आडवी आले नाही. केलं पायानंच."

नवी रिकीब धाकट्या भावानं करून आणली होती, रुंद, नमदा गुंडाळलेली. ती दाराशी टांगली होती. जुनी परत आणू का, असं झूराकाननं विचारलं तर ते नको म्हणाले. ती दवाखान्यात टांग, शिकायला येणाऱ्या पोरींना दाखव.

"आणि त्या कागदावर नाव नाहीये म्हणे अजून. कुणाचा पाय होता ते पोरींना कळायला नको? लिही."

झूराकाननं पेन घेतलं. त्यांच्याकडे न बघता, मान खाली घालून, एकेक अक्षर जोडत तिनं रिकाम्या रकान्यात लिहिलं: बेयशेन.